घोडामैदान

मराठीच्या प्राध्यापकाला घोडा माहीत असतो तो म्हणींपुरता. 'वरातीमागून घोडे', 'घोडे पेंड खाते कुठे', 'घोडे गंगेत न्हाले', 'घोडामैदान जवळच आहे' हे सारे मी गेली वीस वर्षे वर्गात मोठ्या आत्मविश्वासाने समजावून देत आलो आहे. प्रत्यक्ष घोड्याशी माझा संबंध मात्र आयुष्यात दोनदाच आला. एकदा माथेरानला, आणि दुसऱ्यांदा स्वतःच्या लग्नाच्या वरातीत. दोन्ही वेळा लगाम घोडेवाल्याच्या हातात होता, आणि दोन्ही वेळा मी कुठे जायचे हे घोड्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

असा मी विलायतेत जाऊन घोड्यांचा एक नामांकित सोहळा शेवटच्या रात्रीपर्यंत पाहून आलो, असे सांगितले तर आमच्या स्टाफरूममध्ये कोणी विश्वास ठेवीत नाही. पण झाले ते असे. २०२४ च्या ऑक्टोबरात पुतणीच्या मुलाच्या बारशासाठी आम्ही उभयता इंग्लंडात गेलो होतो. पुतणी राहते सॉलिहलला, बर्मिंगहॅम शहराला अगदी लागून. बारसे झाले, पेढे वाटून झाले, दसरा आला. आपट्याच्या पानांऐवजी पुतणीने कागदाची सोनेरी पाने कातरली आणि एक पान शेजारच्या आजीबाईंना देऊन यायला मला पिटाळले.

या शेजारीणबाई त्र्याहत्तर वर्षांच्या. सरळ पाठीच्या, कमी बोलणाऱ्या. मी सोन्याचे पान दिले, मोडक्यातोडक्या शब्दांत दसऱ्याचा अर्थ सांगितला. या दिवशी आमच्याकडे शस्त्रांची, हत्यारांची पूजा होते आणि पूर्वी पागेतले घोडेही सजवून पुजले जात, असे सांगताच बाई एकदम जाग्या झाल्यासारख्या झाल्या. आत गेल्या आणि दोन तिकिटे घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "उद्या रात्री माझ्याबरोबर चला. एकटीने जायचा धीर होत नाही."

मी घरी येऊन हे सांगितले तेव्हा पुतणीला हसू आवरेना. "काका, तुम्ही जाच! अहो, या आजी बावीस वर्षं त्या शोवर रुसून बसल्या आहेत. इथून गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर तो होतो. पण पाऊल टाकलेलं नाही त्यांनी तिथं."

बावीस वर्षांचा रुसवा म्हटल्यावर माझे कुतूहल जागे झाले. माणसावर इतकी वर्षे रुसलेली माणसे मी पाहिली आहेत. घोड्यांच्या शोवर कोणी रुसल्याचे ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडीत बसल्याबसल्या बाईंनी मला तो शो समजावून द्यायला सुरुवात केली. त्याचे नाव 'हॉर्स ऑफ द इयर शो'. वर्षभर ब्रिटनभर गावोगावी घोड्यांच्या स्पर्धा होतात. त्यांत जे पुढे येतात ते घोडे आणि स्वार ऑक्टोबरात एका छताखाली जमतात आणि वर्षाचा निकाल लागतो. शर्यती नव्हेत, पैजा नव्हेत. अडथळ्यांवरून उड्या, घोड्याच्या बांध्याची आणि चालीची पारख, मुलांचे तट्टांवरचे खेळ, अवजड ओझी ओढणाऱ्या दांडग्या घोड्यांची संचलने, असे सारे काही त्यात असते. आपल्या 'घोडामैदान जवळच आहे' या म्हणीतले जे मैदान, ते या लोकांनी छपराखाली आणून ठेवले आहे म्हणा ना.

"माझे वडील शेतकरी. दूधदुभत्याचा धंदा," बाई सांगू लागल्या. "पण घोड्यांचं वेड. तेरा वर्षांची असताना मी स्वतः त्या रिंगणात उतरले आहे. १९६४ साल. वेम्बलीला."

मुलांच्या त्या खेळांचीही एक हकीकत आहे. महागडा घोडा बाळगण्याची ऐपत नसलेल्या मुलांनाही आपल्या साध्या तट्टावर बसून भाग घेता यावा, म्हणून राणी एलिझाबेथचे यजमान प्रिन्स फिलिप यांनी अशा खेळांची कल्पना मांडली. १९५७ पासून त्यांच्या नावाचा चषक पोनी क्लबच्या मुलांसाठी ठेवला गेला. खांबांमधून नागमोडी धावायचे, धावत्या तट्टावरून झेंडे उचलायचे, उतरायचे, पुन्हा टांग टाकायची, आणि तेही संघाने. पंधरा वर्षांच्या आतली ही पोरे आणि त्यांची गुबगुबीत तट्टे यांच्यावर प्रेक्षक भारी खूष असतात. भल्याभल्या मानकरी घोड्यांपेक्षा जास्त आरडाओरडा यांच्या वाट्याला येतो. आमच्या शेजारीणबाई अशाच एका संघात होत्या. "आम्ही हरलो," त्या म्हणाल्या, "पण माझं तट्टू नाही हरलं. झेंडा माझ्या हातून पडला."

साठ वर्षे होऊन गेली त्या झेंड्याला. बाईंच्या हातून तो अजून पडतच होता.

त्यानंतर दर ऑक्टोबरात बाप-लेक वेम्बलीला जात. उत्तर-पश्चिम लंडनमधले हे वेम्बली आपल्याला परके नाही. स्वतंत्र भारताने हॉकीचे पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले ते इथल्याच मोठ्या स्टेडियमवर, १२ ऑगस्ट १९४८ रोजी, आणि तेही खुद्द ब्रिटनला चार-शून्य असे हरवून. त्याच हिरवळीवर दोनच दिवसांनी ऑलिम्पिकमधली घोडेस्वारांची उड्यांची स्पर्धा झाली. तीत ब्रिटनच्या संघाला कांस्यपदक मिळाले, आणि त्या संघात हॅरी लुएलिन यांचा फॉक्सहंटर हा घोडा होता. पुढे १९५२ साली हेलसिंकीत, जिथे आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक पटकावले त्याच ऑलिम्पिकमध्ये, या फॉक्सहंटरने आणि त्याच्या जोडीदारांनी ब्रिटनला सांघिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्या ऑलिम्पिकमधले ब्रिटनचे ते एकुलते एक सुवर्णपदक! सबंध देश त्या घोड्यावर इतका फिदा झाला की नवख्या घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेला आजतागायत त्याचेच नाव आहे, आणि तिचा अखेरचा सामना या शोमध्ये होत आला आहे.

तर त्या मोठ्या स्टेडियमशेजारीच 'एम्पायर पूल' नावाची एक इमारत उभी होती. नाव पूल, म्हणजे पोहण्याचा तलाव. १९३४ च्या एम्पायर गेम्ससाठी ओवेन विल्यम्स या इंजिनिअरने ती काँक्रीटची बांधली. आत एकही खांब नाही. १९४८ च्या ऑलिम्पिकनंतर तिथे कोणी पोहले नाही. तलाव झाकला गेला, त्यावर कधी बर्फ, कधी मुष्टियुद्धाचा चौक, आणि १९५९ पासून दर ऑक्टोबरात घोडे! तलावाच्या जागी मातीचे रिंगण आणि त्यावर टापांचा आवाज. पुढे १९७८ साली इमारतीचे नाव बदलून वेम्बली अरीना झाले. घोडे मात्र येतच राहिले.

ही वेम्बलीची चाळीस-बेचाळीस वर्षे म्हणजे शोचा वैभवाचा काळ. बीबीसी टेलिव्हिजनवरून त्याचे प्रक्षेपण करी आणि ज्यांनी आयुष्यात घोड्याला हात लावला नाही अशी लाखो कुटुंबे रात्री जेवणे आटोपून ते बघत बसत. डोरियन विल्यम्स यांचा आवाज घराघरात ओळखीचा झाला. कार्यक्रमाच्या सुरुवातीला एक धून वाजे. बाईंनी गाडी चालवता चालवता ती मला गुणगुणून दाखवली. ती होती मोझार्टच्या एका रचनेतली. गंमत अशी की, ही रचना मोझार्टने १७८७ साली केली ती बेताच्या वकुबाच्या संगीतकारांची टिंगल करण्यासाठी. त्या रचनेचे नावच मुळी 'संगीतातली थट्टा'! आणि ती थट्टा एका सबंध देशाच्या मनात घोड्यांच्या टापांशी कायमची जोडली गेली. परंपरा कशा बनतात याचा अभ्यास करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. गंभीर ठराव करून एखादी परंपरा रुजेलच असे नाही, आणि थट्टेतून रुजली तर ती शतकही ओलांडते.

"आणि १९८२!" बाई म्हणाल्या आणि थोडा वेळ थांबल्या.

त्या वर्षी २० जुलैला लंडनच्या हाइड पार्कमध्ये राणीच्या घोडदळाची एक तुकडी पहाऱ्याच्या बदलीसाठी निघाली असताना आयरिश अतिरेक्यांनी पेरलेला बॉम्ब फुटला. चार सैनिक आणि सात घोडे मरण पावले. सेफ्टन नावाचा एकोणीस वर्षांचा घोडा अंगावर तीसहून अधिक जखमा घेऊन वाचला. कित्येक तास शस्त्रक्रिया चालली. देशभरातून पत्रे आली, पैसे आले. आणि तीनच महिन्यांनी, ऑक्टोबरात, तो घोडा वेम्बलीच्या रिंगणात उभा राहिला. त्या वर्षीचा मान त्याला दिला गेला. कसली उडी नाही, कसला चषक जिंकलेला नाही. नुसता चालत आला.

"सगळं सभागृह उभं राहिलं. वडील कधी रडलेले मी पाहिले नव्हते. त्या रात्री पाहिले," बाई म्हणाल्या.

इथपर्यंत सारे ठीक. पण २००२ साली शोचे बिऱ्हाड हलले. वेम्बली सुटले आणि शो आला बर्मिंगहॅमच्या नॅशनल एक्झिबिशन सेंटरमध्ये, म्हणजे विमानतळ आणि रेल्वेस्टेशन यांना खेटून असलेल्या, १९७६ साली उघडलेल्या प्रचंड प्रदर्शनी दालनांच्या समूहात. बाईंच्या घरापासून हाकेच्या अंतरावर! चाळीस वर्षे ज्याच्यासाठी दीडदोनशे किलोमीटरचा प्रवास केला, ते आपल्या पायांनी चालत दाराशी आले. आणि बाई गेल्या नाहीत. एकदाही नाही.

"का?" मी विचारले.

"कारण तो खरा शो नव्हता. खरा शो वेम्बलीचा."

वाचकहो, खरे सांगायचे तर मला बाईंचे म्हणणे एकदम पटले. कारण मीही असाच एक रुसलेला माणूस आहे. आमच्या गावात एक जुनी व्याख्यानमाला आहे. वैशाखाच्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात, कडुनिंबाखाली, सतरंज्यांवर बसून तिथे मी मोठमोठ्या वक्त्यांना ऐकले. मराठीचा प्राध्यापक व्हावे असे मला जे वाटले, ते त्या सतरंजीवर. चार वर्षांपूर्वी चालकांनी ती उचलून एका वातानुकूलित नाट्यगृहात नेली. मी निषेधाचे पत्र लिहिले, ते स्थानिक वर्तमानपत्रात छापूनही आणले, आणि त्या दिवसापासून व्याख्यानमालेकडे फिरकलो नाही. चालक माझ्यावाचून कसे चालवतात ते पाहू, असे मनात होते. त्यांनी उत्तम चालवले. तेव्हा गाडीत बाईंच्या शेजारी बसून मी मान डोलवली आणि म्हणालो, "अगदी बरोबर. जागा बदलली की जीव जातो."

बाईंनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले. मग हसल्या. "माझे वडील तुमच्याशी सहमत झाले असते. मात्र वेम्बलीबद्दल! चाळीस वर्षं माझ्याबरोबर तिथे आले आणि दर वर्षी परतीच्या वाटेवर एकच वाक्य म्हणायचे, 'ठीक होतं. पण खरा शो हॅरिंगेचा!'"

हॅरिंगे! हे नाव मी प्रथमच ऐकत होतो. आणि या गोष्टीचा उगम तिथेच आहे.

हॅरिंगे अरीना हे उत्तर लंडनमधले १९३६ साली उघडलेले एक बंदिस्त क्रीडागृह. बर्फावरची हॉकी, मुष्टियुद्धे, सर्कस असे काहीही तिथे चाले. १९४८ च्या ऑलिम्पिकमधला बास्केटबॉलही तिथेच झाला. पुढच्याच वर्षी, १९४९ च्या ऑक्टोबरात, पहिला हॉर्स ऑफ द इयर शो तिथे भरला. वर्षाच्या सगळ्या विजेत्यांना हंगामाच्या शेवटी एकत्र आणावे ही कल्पना कॅप्टन टोनी कॉलिंग्ज यांची. ती उभी केली आणि पुढची पंचवीसएक वर्षे वाढवली, ती कर्नल माइक अॅन्सेल यांनी.

हे अॅन्सेल घोडदळातले अधिकारी, पोलोचे नामांकित खेळाडू. १९४० साली फ्रान्समध्ये माघारीच्या धांदलीत ते एका गवताच्या माळ्यावर लपले होते. तिथे आपल्याच बाजूच्या सैनिकांनी शत्रू समजून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांत त्यांची दृष्टी गेली. जर्मनांच्या कैदेत पडले. आणि त्या कैदेत, डोळ्यांपुढे अंधार असताना, इतर कैदी अधिकाऱ्यांशी ते कशाची चर्चा करीत होते? तर युद्ध संपल्यावर ब्रिटनमधल्या घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धा कशा सुधारायच्या याची!

त्या सुधारायला हव्याच होत्या. युद्धापूर्वी या स्पर्धा म्हणजे प्रेक्षकांची परीक्षा असे. अडथळ्यांच्या माथ्यावर पातळ लाकडी पट्ट्या ठेवलेल्या असत आणि पट्टी नुसती हलून पडली तरी गुण जात. वेळेचे बंधन नाही, त्यामुळे स्वार अडथळ्यापुढे हवे तितके घोटाळत. १९४३ साली सुटून आल्यावर अॅन्सेल यांनी तिथल्या संघटनेची सूत्रे घेतली आणि या साऱ्याला शिस्त लावली. पट्ट्या गेल्या, घड्याळ आले. अडथळे रंगीत, फुलापानांनी सजवलेले, आणि घोड्याला झेप घ्यावीशी वाटेल अशा बेताने मांडलेले दिसू लागले. प्रेक्षकांनी पाहावे असा खेळ एका न पाहू शकणाऱ्या माणसाने घडवला. १९६८ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

हॅरिंगेतला शो दहा वर्षेच टिकला. १९५८ साली ते क्रीडागृह बंद पडले आणि पुढे तिथे धान्याची गोदामे झाली. मग वेम्बली, मग बर्मिंगहॅम. म्हणजे हिशेब करा. बाईंच्या वडिलांना वेम्बली उपरे वाटत होते, बाईंना बर्मिंगहॅम उपरे वाटत होते, आणि १९४९ साली हॅरिंगेत गेलेल्या एखाद्या म्हाताऱ्या सरदाराने नक्कीच म्हटले असेल, 'घोडा आणि छपराखाली? छे! खरी मौज उघड्या मैदानाची!' प्रत्येक पिढीला आपल्या लहानपणीची जागा अनादी वाटते.

एव्हाना आम्ही पोचलो होतो. बाई गाडीतून उतरल्या आणि पाहतच राहिल्या. डोक्यावरून विमान खाली उतरत होते. दालनांत खोगिरांची, रिकिबींची, बुटांची दुकाने लागली होती, आणि मुलींचे घोळकेच्या घोळके त्यांवर तुटून पडले होते. सभागृहाचे नावही त्या बावीस वर्षांत पुरस्कर्त्यांप्रमाणे चारदोनदा बदललेले. "दुकान झालंय नुसतं," बाई पुटपुटल्या. मीही तत्परतेने मान डोलवली.

पण आत शिरलो आणि वास आला. माती, गवत, घाम आणि कातडे यांचा मिळून होणारा, घोड्याचा म्हणतात तो वास. बाई पायरीवरच थांबल्या. मी काही बोललो नाही.

मी जे पाहिले ते सारे सांगत बसत नाही. दांडगे घोडे आले. त्यांच्या पायांवर पांढऱ्या केसांचे झुबके, मानेवर रंगीत फिती. मला आमच्या पोळ्याच्या बैलांची आठवण झाली. शिंगे रंगवलेली, अंगावर झूल, आणि वर्षभर राबलेल्या जनावराने त्या एका दिवशी मिरवायचे. मुलांचे खेळ झाले. एका मुलीच्या हातून झेंडा पडला. सारे सभागृह हळहळले. माझ्या शेजारी मात्र बाई ताडकन उभ्या राहून ओरडल्या, "उचल, उचल! पुन्हा जा!" पोरगी तट्टावरून उतरली, झेंडा उचलला, तट्टाच्या मानेला धरून पुन्हा वर चढली आणि धावली. तिचा संघ जिंकला की हरला ते माझ्या लक्षात नाही. बाईंच्याही नसावे.

सर्वांत शेवटी ज्यासाठी बाई आल्या होत्या ते झाले. शोच्या शेवटच्या रात्री सारे विजेते एकत्र रिंगणात येतात. लहान तट्टे, उंच शिकारी घोडे, उड्यांचे मानकरी, जड घोडे, सगळे एकदम. मग दिवे मंद होतात आणि घोड्याविषयीचे एक छोटेसे कृतज्ञतेचे गद्य वाचले जाते. माणसाच्या इतिहासात या मुक्या जनावराने जे कष्ट उपसले त्यांची त्यात आठवण आहे. ते १९५४ साली अॅन्सेल यांच्या विनंतीवरून रोनाल्ड डंकन या कवीने लिहिले.

डंकन हे नाव ऐकून मी चमकलो. मराठीच्या प्राध्यापकाला इंग्रज कवी माहीत असायचे कारण नाही. पण हे डंकन १९३७ साली आपल्या वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटलेले! तरुणपणी त्यांनी शांततावादावर एक पुस्तिका लिहिली, गांधीजींना पाठवली, आणि गांधीजींनी त्यांना बोलावून घेतले. पुढे १९५१ साली गांधीजींच्या निवडक लेखनाचे इंग्रजी संपादनही त्यांनीच केले. वर्ध्याच्या उन्हात गांधीजींबरोबर वावरलेल्या माणसाचे शब्द इंग्लंडातले हे हजारो लोक अंधारात श्वास रोखून ऐकतात, या विचाराने माझ्या अंगावर शहारे आले. ज्या घोडदळाच्या टापांखाली आपण कधी तुडवले गेलो होतो, त्या घोड्यांना मी तरी निराळ्या नजरेने पाहत होतो. त्या जनावराने कोणाचे राज्य वाहायचे हे काही स्वतः ठरवलेले नव्हते.

दिवे मालवले. हजारो माणसे स्तब्ध झाली. कुठे एखादा घोडा फुरफुरला, कुठे लगामाची कडी वाजली, आणि निवेदकाचा आवाज सुरू झाला. शब्द तेच, सत्तर वर्षांपूर्वीचे. हॅरिंगेत बोलले गेले तेच, वेम्बलीत बोलले गेले तेच. बाईंचे ओठ हलत होते. त्यांना सारे पाठ होते.

दिवे लागले तेव्हा त्यांनी डोळे पुसले नाहीत. तसेच राहू दिले. बाहेर पडताना म्हणाल्या, "२००१ च्या ऑक्टोबरात वडील माझ्या शेजारी बसले होते. ते शेवटचं वेम्बली. पुढच्या वसंतात ते गेले, आणि त्याच वर्षी शोही गेला. मला दोन्ही एकच वाटलं. मी सगळ्यांना सांगत आले की, जागा बदलली म्हणून मी जात नाही. जागेचं काही नव्हतं हो. शेजारची खुर्ची मला बघवली नसती." थोड्या वेळाने त्या पुन्हा बोलल्या, "अंधार झाल्यावर कळेना, वेम्बली की बर्मिंगहॅम. सगळं तसंच ऐकू येत होतं."

मला त्या आंधळ्या कर्नलची आठवण झाली. त्याने हॅरिंगे कधी पाहिले नव्हते आणि वेम्बलीही पाहिले नव्हते. त्याला दोन्ही जागा ऐकूच आल्या असतील. टापा, झेपेच्या आधीची क्षणभराची शांतता, खांब पडल्याचा आवाज, टाळ्या. असा सोहळा त्याने मुळातच इमारतीच्या भरवशावर उभा केला नव्हता. आपण डोळस माणसे मात्र भिंतींना, झाडांना आणि सतरंज्यांना धरून बसतो.

परतीच्या वाटेवर बाईंनी मला एकच प्रश्न विचारला. "तुमच्या त्या व्याख्यानांना तुम्ही कोणाबरोबर जात होता?"

मी काही उत्तर दिले नाही. पण रात्री झोप येईना तेव्हा आठवले. सतरंजीवर माझ्या डाव्या हाताला माझे वडील बसत. सुपारीची डबी मांडीवर ठेवून. आणि व्याख्यान संपले की घरी येताना म्हणत, "चांगला बोलला. पण पूर्वी ही माला सरदारांच्या वाड्यात व्हायची, तेव्हाची गंमत निराळी होती." करोनाच्या साथीत वडील गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी व्याख्यानमाला नाट्यगृहात गेली, आणि मी पत्र लिहिले.

इंग्लंडातून परत आल्यावर मी चालकांच्या घरी गेलो. ते बिचारे जरा घाबरलेच. त्यांना वाटले, मी आणखी एक निषेधपत्र घेऊन आलो आहे. मी म्हणालो, "येत्या वैशाखात दोन जागा राखून ठेवा. एक माझी, आणि तिच्या डाव्या बाजूची."

"बरोबर वहिनी येणार का?" त्यांनी विचारले.

"येतीलही," मी म्हणालो. "नाही आल्या तरी जागा असू द्या."